मुका प्रवास आणि मोकळें मन

इ. स. १९३० च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील शिकागो शहरचा पॉल गॅल्व्हिन नांवाचा एक कारखानदार आपल्या स्टुडबेकर मोटारींत रेडिओचें यंत्र बसवून अटलांटिक सिटी या समुद्रकांठच्या गांवीं गेला. तेथें रेडिओ-उत्पादकांचें संमेलन भरलें होतें. त्यांत दुकान मांडण्याची त्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यानें मोटार बाहेरच उभी केली आणि यंत्राचा आवाज चढवून येणाऱ्याजाणाऱ्यांस तो ऐकविला. या यंत्राचें ‘मोटोरोला’ हें नांव पुढें जगभर झालें. मोटारगाडी रस्त्यावर येऊन तेव्हां चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. एवढा काळ दूरच्या प्रवासाला एकटा निघालेला मनुष्य इंजिनाची घरघर, चाकांखालचा रस्ता आणि स्वतःचें मन एवढ्यांच्याच सोबतीनें जात असे.

हें नवें खूळ निघालें तेव्हां अमेरिकेंत त्याविरुद्ध ओरडहि झाली. गाण्याच्या नादांत हांकणाऱ्याचें लक्ष उडेल, एखाद्यास गुंगी येईल, म्हणून कायद्यानेंच या यंत्राला मज्जाव करावा, अशा सूचना कांहीं ठिकाणीं निघाल्या. आक्षेप घेणाऱ्यांना काळजी होती ती रस्त्याची. तोंवर त्या शांततेंत हांकणाऱ्याच्या डोक्यांत जें कांहीं चालत असे त्याचें पुढें काय होणार, हा प्रश्न त्या वादांत बाजूलाच राहिला. नभोवाणीवरूनच नभोवाणीच्या आधींच्या शांततेची विचारपूस करावी, यांत थोडी विसंगति आहे खरी. पण ज्यानें जागा व्यापली त्यानेंच पहिल्या बिऱ्हाडकरूची चौकशी करावी, यांत गैर कांहीं नाहीं.

एकट्याच्या लांब प्रवासांत मनाची एक निराळीच अवस्था होते. डोळ्यांना काम असतें, पण थोडें. हातापायांना काम असतें, तेंहि सवयीचें. कोणाला उत्तर द्यावयाचें नसतें. मुक्काम येईपर्यंत दुसरें कांहीं करतां येण्यासारखें नसतें आणि कांहीं न केल्याबद्दल कोणी दोषहि देत नाहीं. अशा वेळीं मन दावें सोडलेल्या वासरासारखें कोठेंहि जातें. शाळेंतल्या फळ्यापुढें ज्या गोष्टीला ‘लक्ष नाहीं’ म्हणून छडी मिळते, तीच ही गोष्ट. परंतु गेल्या दोनशें वर्षांचा विद्येचा इतिहास चाळला, तर या अपराध्याचें नांव त्यांत बऱ्याच मानाच्या जागीं सांपडतें.

मात्र अशा प्रवासाचे गोडवे गातांना जो दाखला वारंवार दिला जातो, तो नेमका बनावट आहे. घोडागाडींतून एकट्यानें प्रवास करतांना आपणांस रागदारी कशी आपोआप सुचत जाते, याचें रसभरित वर्णन करणारें मोझार्ट या संगीतकाराचें एक पत्र प्रसिद्ध आहे. मोझार्ट वारला १७९१ सालीं. पत्र छापलें गेलें १८१५ सालीं, लाइप्झिगच्या एका संगीत-नियतकालिकांत, आणि तें छापणारे संपादक रॉखलिट्झ यांनींच तें रचलें असावें, असा अभ्यासकांचा निर्णय आहे. मोझार्टचे जे खरे कागद उरले आहेत त्यांवरून तो खूप कच्चे खर्डे करीत असे, खोडीत असे, अडत असे असें दिसतें. हा विषयच असा मोहक आहे, कीं त्यांत भाबडेपणास फार वाव मिळतो. म्हणून साक्षीदार पारखून घ्यावे लागतात.

चार्ल्स डार्विन हा त्या मानानें फार सावध साक्षीदार. निसर्ग निवड करतो ही मूळ कल्पना त्याला १८३८ सालींच सुचली होती. पण एक गांठ सुटत नव्हती. एकाच कुळांतून निघालेले प्राणी जसजसे बदलत जातात, तसतसे ते एकमेकांपासून इतके दूर कां सरकत जातात? १८४२ सालीं लंडन सोडून तो डाउन या खेड्यांत राहावयास गेला. त्यानंतर बऱ्याच काळानें एके दिवशीं गाडींतून जात असतां या प्रश्नाचें उत्तर त्याला गवसलें. १८७६ मध्यें मुलानातवंडांसाठीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत त्यानें हें नमूद केलें आहे. चमत्कार असा, कीं हें कोणत्या सालीं घडलें तें तो सांगत नाहीं. पण रस्त्यावरची ती नेमकी जागा मात्र आपणांस आठवते, असें तो म्हणतो. ज्या मनुष्यानें शिंपल्यांच्या किड्यांचा आठ वर्षें हिशेब ठेवला, त्याच्या स्मरणांतून तारीख गळाली आणि वळण राहिलें!

याहून तपशीलवार हकीकत आहे ती आयर्लंडच्या विल्यम रोवन हॅमिल्टन या गणितज्ञाची. पातळीवरचा बिंदु दोन संख्यांच्या जोडीनें दाखविला, तर अशा जोड्यांची बेरीज व गुणाकार नीट करतां येतात, हें त्याला ठाऊक होतें. अवकाशांतला बिंदु दाखवावयास तीन संख्या लागतात. तेव्हां तिहींचा गुणाकार कसा करावा, या कोड्यापाशीं तो कित्येक वर्षें अडून बसला होता. १८४३ च्या ऑक्टोबरांत तर सकाळीं तो न्याहारीस खालीं आला, कीं त्याचीं लहान मुलें विचारीत, “बाबा, तुम्हांला त्रिकुटांचा गुणाकार येऊं लागला का?” आणि बापास दुःखानें मान हलवावी लागे: बेरीज-वजाबाकी येते, गुणाकार येत नाहीं. पुढें १८६५ सालीं त्यानें आपल्या एका मुलाला लिहिलेल्या पत्रांतच ही घरगुती गोष्ट आहे.

१६ ऑक्टोबर १८४३ रोजीं, सोमवारीं, तो डब्लिन येथें विद्वत्सभेच्या बैठकीसाठीं रॉयल कालव्याच्या कांठानें पायीं चालला होता. बरोबर पत्नी होती. ती मधून मधून कांहीं बोलत होती; आणि मनाच्या तळाशीं मात्र एक प्रवाह स्वतंत्रपणें वाहत होता, असें तो लिहितो. ब्रूम नांवाच्या पुलापाशीं ठिणगी पडली. तीन संख्यांनीं भागत नाहीं, चार घ्याव्या लागतात. आणि गुणाकारांत क्रम बदलला तर उत्तर बदलतें, हेंहि पत्करावें लागतें. त्यानें खिशांतला चाकू काढून तें सूत्र पुलाच्या दगडावर कोरलें. तें कोरीव अक्षर केव्हांच पुसून गेलें. १९५८ सालीं तेथें दगडी पाटी बसविण्यांत आली. आज आकाशयानाची दिशा सांभाळतांना व संगणकाच्या पडद्यावर आकृति फिरवितांना हेंच गणित वापरतात. या गोष्टींत ती बोलणारी पत्नी महत्त्वाची आहे. तिचें बोलणें हॅमिल्टनच्या आड आलें नाहीं. परंतु बोलणें सैल व अधूनमधून होतें. त्यानें मनाची जागा अडविली नाहीं.

साक्षीदारांत सर्वांत चोख म्हणावा असा तो फ्रान्सचा आंरी प्वांकारे. १८७९ च्या अखेरीस तो कां येथें शिकवावयास आला. पंधरा दिवस तो एका प्रकारच्या फलांचा शोध घेत रोज तासन्‌तास टेबलाशीं बसे व रिकाम्या हातीं उठे. एका रात्रीं संवयीविरुद्ध काळी कॉफी घेतल्यानें झोंप आली नाहीं, तेव्हां कांहीं मार्ग दिसला. पण कोड्याचा मुख्य भाग उलगडला तो पुढेंच. खनिजशाळेच्या एका सहलींत तो गेला असतां प्रवासाच्या गडबडींत गणिताचा विसर पडला होता. कुतांस या गांवीं फिरावयास जाण्यासाठीं बस उभी होती. तिच्या पायरीवर पाय ठेवतांक्षणींच, आपण वापरलेलीं रूपांतरणें आणि अयूक्लिडीय भूमितींतलीं रूपांतरणें एकच आहेत, हें त्याला लख्ख दिसलें. पडताळून पाहावयास वेळ नव्हता. तो आंत जाऊन बसला आणि अर्धवट राहिलेलें संभाषण त्यानें पुढें चालू केलें. खात्री मात्र पूर्ण होती. घरीं परतल्यावर त्यानें सवडीनें सिद्धता लिहून काढली.

१९०८ सालीं पॅरिसच्या मानसशास्त्र-मंडळापुढें त्यानें हें सांगितलें तेव्हां त्याला एक अटहि जोडली. बसच्या पायरीनें कांहीं दिलें नाहीं. आधींच्या पंधरा निष्फळ दिवसांनीं तें दिलें. जाणतें मन राबलें नाहीं, तर अजाणतें मन कशावर काम करणार? आणि मागाहून सिद्धता लिहिण्याची हमाली चुकत नाहीं, ती नाहींच. या व्याख्यानाचा आधार घेऊन इंग्लंडच्या ग्रॅहम वॉलस यानें १९२६ सालीं विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या: तयारी, मुरणें, स्फुरण व पडताळा. यांतली दुसरी पायरी लोणच्यासारखी आहे. बरणी सारखी उघडून पाहणाऱ्याचें लोणचें बिघडतें, पण कैऱ्याच घातल्या नसतील तर बरणी झांकून ठेवून काय लाभ?

आउगुस्ट केकुले या जर्मन रसायनज्ञानेंहि लंडनच्या शेवटच्या बसच्या माडीवर, उन्हाळ्यांतल्या एका संध्याकाळीं, अणूंचा नाच पाहिल्याचें सांगितलें आहे. पण तें त्यानें सांगितलें १८९० सालीं, एका सत्कारसमारंभांत, घटनेनंतर पसतीस-एक वर्षांनीं. वृद्धाच्या स्मृतीला सभेंत रंग चढतो. तेवढी सूट धरून ही साक्ष ठेवावी.

मेंदूच्या शास्त्रानें या प्रकरणांत अलीकडे थोडी भर घातली आहे. शरीराच्या वजनांत मेंदूचा वांटा दोन टक्के, पण तो शक्ति खातो सुमारें वीस टक्के. आणि मनुष्य कांहींच करीत नसला तरी हा खर्च फारसा उतरत नाहीं. २००१ सालीं सेंट लुइस येथील मार्कस रेकल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें, कीं मेंदूचे कांहीं विशिष्ट भाग बाहेरचें काम हातीं घेतलें म्हणजे मंदावतात व तें काम सुटलें म्हणजे पुन्हां चेततात. गतगोष्टी आठवणें, पुढच्याची कल्पना करणें, दुसऱ्याच्या मनांत काय असेल याचा अंदाज बांधणें, या गोष्टी त्याच भागांशीं निगडित आहेत. मास्तर ज्याला रिकामें डोकें म्हणत, तें रिकामें नव्हतें, एवढें तरी यावरून ठरतें.

महाराष्ट्राच्या घरांत ही अवस्था पायांपेक्षां हातांना अधिक ठाऊक होती. पहांटे जात्यावर बसलेल्या बाईचे हात खुंट्याला जुंपलेले असत आणि मन माहेरीं जाऊन येई. त्यांतूनच ओव्यांचें तें अफाट भांडार जमलें. बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करतांना सुचलेलें काव्य मुलानें व नातलगानें टिपून ठेवलें म्हणून तें १९५२ सालीं लोकांसमोर आलें. जात्याची घरघर आणि ओवी, म्हणजे शांतता कोठें राहिली, असें कोणी विचारील. पण तो आवाज आंतून बाहेर येणारा होता, बाहेरून आंत ओतलेला नव्हता. या दोहोंत मोठें अंतर आहे. रात्रीं माल घेऊन निघालेल्या गाडीवानाचेंहि तसेंच. कासरा सैल सोडून तो गुणगुणे, पेंगे, मनांतल्या मनांत हिशेब करी. वाट बैलांना पाठ असे.

आणि येथेंच या सगळ्या सुरस कथांतला अडचणीचा धागा हातीं येतो. हॅमिल्टन पायीं होता. प्वांकारे व केकुले उतारू होते. डार्विनसारख्या गृहस्थाच्या गाडीला गाडीवान असे. गाडीवानाचे बैल तर स्वतःच शहाणे. यांतल्या कोणाचें मन सुटलें तरी खड्ड्यांत कोणी जाणार नव्हतें. मोटार हांकणाऱ्याची गोष्ट तशी नाहीं. त्याचें मन भटकलें, तर त्याच्या ऐवजीं रस्ता पाहणारें कोणी नाहीं.

या अडचणीचें टोंक पाहावयाचें तर जमीन सोडून आकाशांत जावें लागतें. २० मे १९२७ रोजीं सकाळीं ७ वाजून ५२ मिनिटांनीं चार्ल्स लिंडबर्ग हा पंचवीस वर्षांचा तरुण न्यू यॉर्कजवळून एकटा विमानांत उडाला. वजन वांचविण्यासाठीं त्यानें रेडिओ घेतला नव्हता, हवाई छत्रीहि घेतली नव्हती. बरोबर पांच सँडविच व पाणी. सुमारें ४५० गॅलन इंधनापैकीं मोठी टाकी पुढेंच बसविलेली, त्यामुळें समोर पाहावयास कांचहि नाहीं. बाजूच्या खिडकींतून वा आरशांच्या नळींतून डोकवावें लागे. आदल्या रात्रीं त्याला झोंप मिळाली नव्हती. पुढें साडेतेहतीस तास आणि ३,६०० मैल: खालीं समुद्र, कानांत एकाच इंजिनाचा एकसुरी नाद. मुका प्रवास याहून मुका असूं शकत नाहीं.

पॅरिसला तो उतरला तेव्हां सुमारें दीड लाख लोक जमले होते. त्याच वर्षीं त्यानें प्रवासवर्णन लिहिलें, पण त्यांत एक गोष्ट सांगितली नाहीं. ती सांगितली १९५३ च्या दुसऱ्या पुस्तकांत, सव्वीस वर्षांनीं. उड्डाणाच्या उत्तरार्धांत, डोळे उघडे असतांनाच झोंपेनें घेरल्यावर, विमानाच्या मागल्या भागांत त्याला धूसर आकृति जाणवूं लागल्या. त्या त्याच्याशीं बोलत, मार्गाविषयीं सल्ला देत, निरोप घेत. आणि त्याला त्यांचें भय वाटलें नाहीं. मिनेसोटांतलें लहानपण, नदीकांठचें शेत, आईबाप हेंहि सारें त्या पुस्तकांत उड्डाणाच्या तासांत मिसळून येतें. त्याला तारलें तें विमानाच्या एका दोषानें. तें स्वभावतः अस्थिर होतें. डुलकी लागली, कीं तें वांकडें जाई आणि वांकडें गेलें, कीं हा जागा होई. विचारमग्नता कोठें संपते आणि गुंगी कोठें सुरू होते, ही सीमा त्याला दिसली नाहीं. त्या डळमळत्या यंत्रानें ती दाखविली.

आजच्या मोटारी तशा डळमळत नाहींत आणि रस्तेहि सरळ झाले. १८३० सालीं बोरघाटाचा रस्ता खुला झाला तेव्हां चढ, वळण आणि दरी यांनीं गाडीवानास जागतें ठेवण्याचें काम फुकट केलें. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा असून तो जून २०२५ मध्यें संपूर्ण खुला झाला. त्यावर कित्येक कोस वळण नाहीं कीं गांव नाहीं. अशा रस्त्यावर डोळे उघडे असून दिसेनासें होतें, मागचे दहा मैल कसे गेले तें आठवत नाहीं. यास इंग्रजींत रस्त्याचें संमोहन म्हणतात, आणि या महामार्गावरील अपघातांच्या चर्चेंत हा शब्द वारंवार ऐकूं येतो. म्हणून गाणें लावावें, असा उपाय पुष्कळजण करतात. तो अगदींच चूक नाहीं. पण पेंगणाऱ्याला गाणें जागें ठेवील या भरंवशावर राहूं नये. त्याला विश्रांति हवी. आणि जो पेंगत नाहीं, केवळ एकटा आहे, त्याचें मन मात्र गाणें लावतांच परत दावणीला बांधलें जातें.

लिंडबर्ग उतरल्यानंतर दोन महिन्यांनीं, २३ जुलै १९२७ रोजीं, मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. त्यानंतर तीनच वर्षांनीं गॅल्व्हिनची मोटार अटलांटिक सिटीस गेली. पुढें फीत आली, तबकडी आली, खिशांतला दूरध्वनि आला. आतां मुका प्रवास करावयाचा तर मुद्दाम ठरवून करावा लागतो.

या बोलक्या काळांतलीहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८३ च्या वसंत ऋतूंत, शुक्रवारीं रात्रीं, कॅरी म्युलिस हा रसायनज्ञ सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांतून उत्तरेकडे डोंगरांतल्या आपल्या झोंपडीकडे मोटारीनें निघाला होता. शेजारीं मैत्रीण होती, पण ती झोंपली होती. महामार्ग क्रमांक १२८ वळणावळणाचा आहे, आणि कांठच्या बकाय झाडांच्या मोहराचा वास हवेंत होता, असें त्यानें पुढें लिहिलें. त्याच्या डोक्यांत घोळत होता तो कारखान्यांतलाच एक लहानसा प्रश्न: आनुवंशिक द्रव्याच्या लांबलचक तंतूंतील एकच अक्षर कसें वाचावें? तंतूच्या दोन्ही बाजूंस एकेक छोटा तुकडा चिकटवून पाहावा, असें तो मनांत जुळवीत असतां त्याच्या ध्यानांत आलें, कीं असें केल्यानें मधला भाग दुप्पट होतो. आणि तेंच पुन्हां केलें तर चौपट. दहा वेळां केल्यास १,०२४. वीस वेळां केल्यास १०,४८,५७६. तीस वेळां केल्यास १,०७,३७,४१,८२४.

म्युलिसनें येथें जें केलें, तें या लेखांतल्या कोणत्याहि थोर पुरुषास करावें लागलें नव्हतें. त्यानें मोटार रस्त्याच्या कडेला घेऊन थांबविली. ती जागा ४६.५८ मैलांच्या खुणेपाशीं होती, असें त्यानेंच नमूद केलें आहे. मोटारींतला एक कागद व लेखणी शोधून त्यानें तेथेंच आंकडेमोड केली. मैत्रीण चाळवली, लवकर चल म्हणाली. प्रयोग यशस्वी व्हावयास त्यानंतर बरेच महिने गेले. रीत भरंवशाची करण्यांत त्याच्या कारखान्यांतल्या इतर रसायनज्ञांचे श्रम होते आणि श्रेयावरून पुढें वादहि पुष्कळ झाला. १९९३ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मात्र म्युलिसला, दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर विभागून, मिळालें. त्या रीतीचें नांव पी. सी. आर. मुंबई-पुण्यांतल्या घराघरांत २०२० सालीं तें शब्द सर्वांच्या तोंडीं झालें. नाकांत काडी फिरवून नेलेल्या नमुन्यांत विषाणू आहे कीं नाहीं, हें प्रयोगशाळेंत याच दुपटीच्या गणितानें तपासलें जाई, आणि निरोप येईपर्यंत घरचीं माणसें दाराआड शांत बसून राहत.